बाबलमामा, मास्क जागेवर नव्हता

बाबलमामा,

काल तुझं एक काम मी तुला न विचारता केलं. देवळात नाही, शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, आणि पायात चपला तशाच. तू असतास तर आधी चपलांवरून बोलला असतास, मग बाकीच्यावरून. काय केलं ते सांगते, पण आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. तेरा दिवस घरात सुतक होतं आणि पाहुणे होते. मेलेल्या माणसाशी भांडायला कुणी वेळच देत नाही.

तेराव्याला शेट जेवायला आले. ज्यांच्या बर्फ कारखान्यात तू उभा जन्म घालवलास ते आपले शेट. वडे घेतले, काळ्या वाटाण्याची आमटी दोनदा मागून घेतली. मामीकडे बघत म्हणाले, "वयनी, बाबल म्हणजे माझो उजवो हात होतो." मामीने मान वर केली नाही. वाढायला मी होते. माझ्या हातात गरम आमटीची बादली होती आणि ती पानात ओतायची की अंगावर, याचा मी खरोखर विचार केला. पानात ओतली. त्याचं श्रेय तुझं. माझ्यात तेवढा सभ्यपणा कधीच नव्हता.

कारण मला ठाऊक होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरक्षा समितीच्या बैठकीत काय वाचलं जाणार आहे. पंचायतीतल्या क्लार्कने मला मसुदा आधीच दाखवला होता. त्यात तुझ्यावर तीन वाक्यं होती. संरक्षक मुखवटा जागेवर उपलब्ध होता. मृत कामगाराने तो वापरला नाही. सबब, कामगाराचा निष्काळजीपणा.

तू आणि निष्काळजी! घरातून निघताना गॅसचं बटण तू दोनदा बघायचास. तारकर्लीला पाहुण्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा होडीत चढताना माणसं मोजलीस, उतरताना मोजलीस, आणि मधे पाण्यात असतानाही मोजलीस. होडीवाला वैतागला होता. "ओ मामा, समुद्रात मधीच कोण उतरतला?" तू म्हणालास, "तोच तर इचार करतंय." अशा माणसाला कागदावर निष्काळजी ठरवून त्याच्या तेराव्याची आमटी दोनदा मागायची, याला जी छाती लागते ती शेटकडे आहे. शिरा पडो त्या छातीवर.

पण मामा, त्या तीन वाक्यांतलं पहिलं वाक्य समितीने माझ्या तोंडून घेतलं आहे. तुझ्याशी भांडण आहे ते त्यावरूनच.

मी सात-आठ वर्षांची असताना तू मला कारखान्याच्या दाराशी बसवायचास. हातात बर्फाचा तुकडा द्यायचास, फडक्यात गुंडाळून. आत ती मोठी यंत्रं घरघरत असायची, नळ्यांवर पांढरं दव साचलेलं असायचं, आणि मधूनच नाकात झोंबणारा एक बारीक वास यायचा. तू विचारायचास, "इलो वास?" मी मान हलवली की तू हातातलं टाकून आत जायचास आणि कुठला तरी नट आवळून यायचास. "बर्फ बघूक गोड, पण तेच्या पोटात अमोनिया आसा. नाक ह्याच पयलो इन्स्पेक्टर. तेका कोणाक चाय पाजूक गावना नाय."

मोठी झाले, पत्रकं काढायला लागले, तेव्हा पहिला वाचक तूच. लाल पेन घेऊन बसायचास. "चेडवा, तुझ्या पत्रकात 'जाहीर निषेध' तीनदा इलो. एकदा पुरो. रवलेल्या जाग्यात काय झाला ता लिव." मी म्हणायचे, मामा, लोक चिडले पाहिजेत. तू म्हणायचास, "चिडान काय करतले? चिडलेलो माणूस जेवलो की निजता. म्हायती असलेलो माणूस निजना नाय."

मला माहिती दिलीस ती वाऱ्याची. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे मी पाठ केले होते, मार्कही मिळवले होते. त्यांचा अर्थ मला तू बंदरावर उभं राहून सांगितलास. सकाळी वारा जमिनीवरून दर्याकडे. तेव्हा कारखान्यातून वास सुटला तर तो बंदरावरून समुद्रात जाईल. अकराच्या सुमाराला वारा फिरतो. मग तोच वास कारखान्याच्या मागच्या शाळेत, शाळेच्या मागच्या लॉजात, लॉजाच्या मागच्या वाडीत. "आता माका सांग," तू म्हणालास, "ह्या खंयच्या कागदार लिवलेला आसा?"

कुठल्याच नव्हतं. कागद चार होते. बर्फाचा एक, पर्यटकांच्या बोटींचा एक, लॉजांचा एक, शाळेचा एक. चार खात्यांची माणसं चार वेगवेगळ्या दिवशी यायची. बर्फवाल्या कागदात शाळा नव्हती, शाळेच्या कागदात अमोनिया नव्हता, बोटींच्या कागदात फक्त बोटी होत्या. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर. धोका मात्र एकच होता आणि तो चारी कुंपणं ओलांडून जाणारा होता. तू समितीला तीनदा सांगितलंस, चारी कागद एका टेबलावर ठेवा. समितीचे साहेब म्हणाले, ते आमच्या कक्षेत येत नाही. घरी येऊन तू म्हणालास, "वारो खात्याक इचारून सुटना नाय, ह्या तेंका कोण सांगतला?"

आणि मग ती गेल्या वर्षीची बैठक. नारळीपुनवेनंतर, हंगाम सुरू होताना, देवळाच्या सभामंडपात. दरवर्षी देवळात गावाच्या वतीने देवापुढे हात जोडून गाऱ्हाणं घालणारा तू. तुझा आवाज निघाला की घाटावरून आलेली सूनसुद्धा 'व्हय म्हाराजा' म्हणायला शिकते. साहेबांना कुणीतरी ते सांगितलं. साहेब खूश. म्हणाले, "अहो बाबलराव, मग ही आमची यादीच तुम्ही गाऱ्हाण्यात म्हणा की! तेवढीच करमणूक." त्यांनी यादी तुझ्या हातात दिली. तू नको नको म्हणत होतास. आम्हीच मागून ओरडलो, "घाल रे मामा, घाल!"

तू घातलंस.

"बा देवा म्हाराजा, आमच्या सगळ्या होड्यांत लाइफ जॅकेटां आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लॉजांच्या रांदपाच्या खोलयेत आग इजवूचे लाल सिलिंडर टांगलेले आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचो मास्क आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा मंडप हसत होता. मीसुद्धा हसत होते. मीसुद्धा हात वर करून 'व्हय म्हाराजा' म्हटलं, सगळ्यात मोठ्यानं. आपल्याकडे गाऱ्हाण्याला 'नाय म्हाराजा' म्हणायची पद्धतच नाही. जन्मापासून तोंडाला तेवढं एकच उत्तर लागलंय. आणि तिकडे कोपऱ्यात बसलेला समितीचा माणूस प्रत्येक 'व्हय म्हाराजा'ला एकेक रकान्यात बरोबरची खूण करत होता. हसत हसत. गाव हसलं, साहेब हसले, खुणा झाल्या, आणि त्या खुणा बघून चारी खात्यांनी आपापल्या कागदावर शिक्के मारले.

तू हसत नव्हतास. घरी येऊन पडवीत बसलास. "गो, माका पाणी दी. आज माझ्या तोंडातसून देवाच्या दारात खोटा गेला."

मी म्हटलं, मस्करी होती ती.

"मस्करेर शिक्को मारल्यानी तेंनी."

तिथून तू बदललास. होड्यांना मारायचा निळा तेलरंग घेतलास आणि कारखान्यात टांगलेल्या सहा लाल सिलिंडरांच्या बुडाला एकेक ठिपका लावलास. मास्कच्या पट्ट्याला आतून एक. जॅकेटांच्या गठ्ठ्यालाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला छंद लागला. आठवड्याभरात मला स्कूटरवर मागे बसून फिरायला लावलंस. लॉजात चहा प्यायलो, तू वाकून चप्पल नीट केल्यासारखं केलंस आणि वर बघितलंस. निळा ठिपका. शाळेत ध्वजवंदनाला गेलो. निळा ठिपका. बोटींच्या तिकीट खिडकीमागे. निळा ठिपका. खाडीपलीकडच्या बंदरात शेटच्या मेव्हण्याचा दुसरा बर्फ कारखाना आहे, तिथे तपासणीच्या दिवशी आपण बर्फ विकत घ्यायचं नाटक करून गेलो. मास्क टांगलेला. तू पट्टा उलटून बघितलास आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणालास, "पावणो फिरता हा."

आपल्याकडे लग्नाला मोठे टोप शेजाऱ्याकडून मागून आणतात. परवा ह्यांच्याकडे, काल त्यांच्याकडे, आज आमच्याकडे. त्यात कुणालाच वावगं वाटत नाही, तो शेजारधर्म आहे. त्याच धर्माने एका गावाची सुरक्षा सहा सिलिंडर आणि एका मास्कवर चालली होती. ज्या दिवशी ज्याची तपासणी त्या दिवशी सामान त्याच्याकडे. चार खाती एकमेकांना कधी भेटत नाहीत, हे गावाला पक्कं माहीत होतं. कमिटीला फसवल्याची कुणाला लाजही नव्हती. उलट पोचवायला उशीर झाला तर लोक लाजायचे, वेळेवर टोप परत केला नाही तर लाजतात तसे.

आणि सामान पोचवायचा टेम्पो कुणाचा, ते तू मला सांगितलं नाहीस. सांगायची गरज नव्हती. आपल्या बंदरात भाड्याचा टेम्पो एकच आहे. माझ्या बापाचा.

आता भांडण.

मी त्याच रात्री पत्रक लिहिलं होतं. शेटचं नाव, साहेबांचं पद, ठिपक्यांच्या जागा, सगळं. छापूनही आणलं. गठ्ठा पडवीत ठेवला आणि तू त्यावर बसलास. खरंच बसलास, मामा, कोंबडी अंड्यांवर बसते तसा. "नाव छापलास तर माणूस लपता. वस्तू खंय लपतली? वस्तूच्या मागे लाग. आणि आधी घातलेला गाऱ्हाणा मीच मागे घेवक व्हया. पुढल्या मिटिंगीपर्यंत वायच थांब."

मी म्हटलं, थांबण्यात माणसं मरतात.

तू म्हणालास, "आणि घायेत तुझो बापूस मरतलो. सगळ्यांत आधी तेकाच धरतले. तेचो तरी इचार कर."

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकून थांबले. गठ्ठा कपाटावर गेला. तो अजून तिथे आहे. पत्रक बाहेर गेलं असतं तर गावात शिव्या पडल्या असत्या, बापाचं भाडं तुटलं असतं, माझ्यावर केस झाली असती. आणि मास्क जागेवर राहिला असता. मामा, तू मला थांबवलंस, हे मी तुला माफ केलेलं नाही. तू माझ्या बापाला वाचवायला गेलास. त्याची किंमत काय झाली ते बघायला तू थांबला नाहीस.

अपघाताच्या सकाळी साडेदहाला तुझा फोन आला. मी पंचायतीत होते.

"चेडवा, शाळा रिकामी कर. पोरांका देवळाकडे चढव. पाइप फुटलो. वारो फिरूक अर्धो तास आसा, मी व्हॉल्व बंद करतंय."

मी विचारलं, "मास्क?"

"आसा, आसा. तू धाव."

तू खोटं बोललास. मला लहानपणापासून खोट्याबद्दल मारलंस, आणि स्वतः शेवटी दोनदा 'आसा' म्हणालास. मी धावले. मुलांना दोन-दोनच्या रांगेत टेकडीवर चढवलं, शिंगरांसारखी उधळत होती ती, त्यांना वाटलं सहल आहे. देवळाच्या पायरीवरून मागे बघितलं तर कारखान्याच्या पत्र्यावरून पांढरा ढग बंदराकडे सरकत होता. मग वारा पडला. मग माझ्या गालाला समुद्राकडून झुळूक लागली. मी मुद्दाम खोल श्वास घेतला. वास आला नाही. तू व्हॉल्व बंद केला होतास.

ओला पंचा तोंडाला बांधून गेला होतास तू. वॉचमनने बाहेर ओढलं तेव्हा पंचा तसाच होता. कोल्हापूरला न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी होते आणि मामी होती. तुझा घसा गेला होता, बोलता येत नव्हतं. फोंडाघाट चढताना तू माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी टेकवलंस. एकदाच. मला वाटलं काहीतरी लिहितोयस, म्हणून मी पुढच्या अक्षराची वाट बघत राहिले. पुढचं अक्षर आलं नाही. घरी आल्यावर कळलं, ते अक्षर नव्हतं. ठिपका होता.

तुला घेऊन परत आलो त्या दुपारी दारात बाबांचा टेम्पो उभा होता. ताडपत्रीचं टोक वाऱ्याने उडत होतं. ते बांधायला म्हणून मी हात घातला आणि हाताला पट्टा लागला. मास्क. आतल्या बाजूला निळा ठिपका.

बाबा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. तेरा दिवस आम्ही एका घरात असे राहिलो. ते रोज टेम्पो धुवायचे, धुतलेला पुन्हा धुवायचे. आणि समितीचा माणूस जबाब घ्यायला आला तेव्हा मी जे घडलं तेच सांगितलं. मामा फोनवर काय म्हणाले? आसा म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं आणि त्याचं झालं, मुखवटा जागेवर उपलब्ध होता. तुझा खोटेपणा आणि माझा खरेपणा, दोन्ही एकत्र करून त्यांनी तुझ्याच गळ्यात बांधले. मास्क टेम्पोत होता हे मी तेव्हाच सांगू शकत होते. सांगितलं नाही. बाबा स्वतः बोलतील, याची वाट बघितली. तू थांबायला सांगितलंस त्याचा मला राग येतो. या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी थांबले.

म्हणून काल.

हॉल भरला होता. पुढे टेबल, टेबलामागे साहेब, शेट, सरपंच, समोर पाण्याच्या बाटल्या. तुझा हार घातलेला फोटो खुर्चीवर ठेवला होता. भिंतीवर कोरं करकरीत लाल सिलिंडर. क्लार्कने अहवाल वाचला. तुझी तीन वाक्यं आली. साहेब म्हणाले, "कुणाची हरकत असल्यास सांगावी. नसल्यास मंजूर."

मी उठले. आधी भिंतीवरचं सिलिंडर काढून उलटं केलं आणि टेबलावर ठेवलं. निळा ठिपका साहेबांच्या समोर.

"हे काय आहे, ताई?"

"कारखान्यातलं सिलिंडर. आज शाळेची पाळी आहे."

शेट म्हणाले, "गो, बस खाली. दुखात आसस. डोक्याक ताप करून घेव नको."

मग मी हात जोडले. तुझ्यासारखे, कोपर अंगाला चिकटवून. आवाज तुझ्यासारखा लागणार नाही हे माहीत होतं, म्हणून लावलाच नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "बायल माणसान गाऱ्हाणा घालूचा नसता!"

मी म्हटलं, "मगे तू घाल. ये, उबो रव हंय."

कुणी आलं नाही. बायकांच्या रांगेतून मामी बोलली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. "घाल गो."

"बा रवळनाथा म्हाराजा! तुझ्या दाराक न येता ह्या पत्र्याच्या हॉलात तुका बोलावलंय, चूकभूल पोटात घाल, म्हाराजा!"

सवयीने आवाज आला. "व्हय म्हाराजा."

"बाबल म्हणान तुझो एक माणूस होतो. तेणी व्हॉल्व बंद केल्यान म्हणान आज हंय बसलेल्यांची पोरां जित्ती आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पत्रा हादरला. त्यात बायका होत्या.

"गेल्या वरसा तुझ्या मंडपात आमी सगळ्यांनी खोट्याक व्हय म्हटला. मीवय म्हटलंय. ती चूक आमची, म्हाराजा!"

या वेळी चार-पाच आवाज. बाकीचे पायांकडे बघत होते.

"त्या सकाळी मास्क कारखान्यात नाय होतो, म्हाराजा! टेम्पोत होतो. जेणी नेल्यान, जेणी नेवक लावल्यान, आणि ज्येंका म्हायती असान गप रवले, ते आपल्या तोंडान खरा बोलीपर्यंत तेंच्या घशात पाण्याचो घोट उतरूक देव नको, म्हाराजा!"

'व्हय म्हाराजा' आलं नाही. साहेबांनी पाण्याची बाटली उघडली होती, ती त्यांनी परत बंद केली. हसू नकोस, मामा. घाटावरचे, शिकलेले, तरी बंद केली. शेट मात्र मुद्दाम घोट घ्यायला गेले आणि त्यांना ठसका लागला. त्यात देव नव्हता, घाई होती. पण सगळ्या गावाने बघितलं, आणि मी कुणाला तसं समजावत बसले नाही.

मी थांबून राहिले. मनात म्हटलं, मामा, इथे कुणी बोललं नाही तर तू कायमचा निष्काळजी.

शेवटच्या बाकावरून आवाज आला. मला बघायची गरज नव्हती.

"व्हय म्हाराजा."

बाबा उभे होते. दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची पाठ धरून. "मास्क माझ्या टेम्पोत होतो. मॅनेजराचो फोन इलो, पलीकडे कमिटी येतली, सामान पोचव. शेटनीच सांगितलाहा म्हणालो. बाबल माझ्या हातात देय नाय होतो. मीच म्हटलंय, अरे, माझा भाडा जातला. तेवा दिल्यान. माका म्हणालो, भावजीनू, अकराच्या आत परत हाडा हां, मगे वारो फिरता. मी हाडतलो होतंय. पण कमिटीची गाडी तासभर उशिरा इली. मास्क बघल्याशिवाय सामान सोडीनत म्हणान मी थंयच उबो."

मग सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. कारण पलीकडच्या कारखान्याच्या तपासणीचा कागद याच साहेबांच्या सहीचा आहे, आणि त्यावर वेळ आहे. तू जेव्हा ओला पंचा बांधून आत जात होतास, त्याच वेळी साहेब खाडीपलीकडे तुझ्या मास्कसमोर बरोबरची खूण करत होते.

क्लार्कने विचारलं, "साहेब, हे लिहायचं?"

मामी म्हणाली, "लिव."

लिहिलं. तुझी तीन वाक्यं खोडली. मी तिथे उभी राहून, प्रत्येक वाक्यावर आडवी रेघ बसेपर्यंत बघितलं. पाळ्या जुळवून बघायला चारी कागद पहिल्यांदाच एका टेबलावर आले, भांडणासाठी का होईना. तुझं खोटं गाऱ्हाणं मागे घेतलं असं मी तरी समजते. चपला घालून घातलेलं चालतं का, ते तू बघून घे.

समाधान झालं का म्हणशील, तर नाही. मला शेट तुरुंगात बघायचे आहेत. साहेबांची बदली नको, बदली म्हणजे दुसऱ्या बंदराला तेच साहेब. मला त्यांची सही थांबलेली बघायची आहे. कपाटावरचा गठ्ठा आज खाली काढला. बाबांचं नाव त्यात आधी नव्हतं, ते मी हाताने प्रत्येक प्रतीवर लिहिलं. 'जाहीर निषेध' एकदाच ठेवलाय.

शेटनी संध्याकाळीच निरोप पाठवला, मास्क टेम्पोवाल्याने परस्पर नेला, आमचा संबंध नाही. म्हणजे तू म्हणालास तसंच होतंय, पहिले बाबांनाच धरणार. उद्या सकाळी मी बाबांना स्कूटरवर मागे बसवून पोलीस ठाण्यात नेणार आहे. आज ते जेवले. जेवताना मी त्यांच्याशी बोलले नाही, पण दुसऱ्यांदा भात वाढला. पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढे होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग प्यायले.

दुपारी मी एक चक्कर मारली, आपण मारायचो तशी. शाळा, लॉज, तिकीट खिडकी, कारखाना. सिलिंडर आणि टेम्पोतला मास्क काल बैठकीनंतर पंचनाम्यात गेले आहेत, सीलबंद. चारी भिंतींवर नुसते खिळे आहेत. तिकीट खिडकीपाशी एक पर्यटक बाई आपल्या मुलीचा हात धरून उभी होती. तिने त्या खिळ्याकडे बघितलं, मग बोटवाल्याला विचारलं, "इथे काय असतं?"

बोटवाल्याने माझ्याकडे बघितलं.

"काय नसता," तो म्हणाला.

ती मुलीला घेऊन परत गेली.